अर्ल्स बार्टनचा मनोरा : लाकडाची नक्कल की मालकाची ऐट?

नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टन या गावच्या चर्चचा मनोरा १०व्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात. माथ्यावरचा कंगोरेदार कठडा पुष्कळ नंतरचा. गिलावा केलेल्या भिंतींवर दगडाच्या अरुंद उभ्या पट्ट्या, अर्धगोल कमानी आणि त्रिकोण उठून दिसतात. या पट्ट्या म्हणजे लाकडी सांगाड्याची दगडातली नक्कल, हे मत इतक्यांदा मांडले गेले आहे की ते आता वर्णनाचाच भाग होऊन बसले आहे. मला ते पटत नाही.

पहिली हरकत रचनेची. लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबर इथल्या सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्याचा सर्वांत वरचा मजला नॉर्मन धाटणीचा, म्हणून त्याखालचे काम त्याआधीचे, असे थॉमस रिकमन यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात ताडले. कशावर काय उभे आहे, एवढेच त्यांनी पाहिले. तसेच आपणही पाहू. त्या मनोऱ्यावर वरच्या रांगेतल्या पट्ट्या खालच्या कमानींच्या माथ्यावर टेकल्या आहेत. कमानीच्या माथ्यावर खांब रोवील असा जाणता सुतार मिळणे कठीण.

दुसरी हरकत पुराव्याची. एसेक्समधल्या ग्रीनस्टेड चर्चची ११व्या शतकातली लाकडी भिंत आजही उभी आहे. ओकचे उभे चिरलेले ओंडके एकमेकांना खेटून ती केली आहे. तिच्यात ना पट्ट्या, ना चौकटी. एका भिंतीवरून सगळ्या लाकूडकामाविषयी बोलता येत नाही, हे मान्य. पण नक्कल म्हणणाऱ्याने अस्सल दाखवायला हवे.

मग हा खटाटोप कशासाठी? ११व्या शतकाच्या आरंभीचा, यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांच्याशी जोडला जाणारा एक मजकूर सांगतो : साध्या शेतकऱ्याची भरभराट होऊन त्याच्याकडे ५ ‘हाइड’ जमीन, घंटाघर आणि वाड्याची वेस आली, तर तो सरदारकीच्या मानाला पात्र ठरतो. अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्याशेजारीच मातीचा उंचवटा आणि खंदक आहे. बार्टन-अपॉन-हंबरला १९७८ ते १९८४ या काळात झालेल्या उत्खननाने तर मनोऱ्याचा तळमजला हाच चर्चचा मुख्य दालनभाग होता, हे दाखवून दिले. म्हणजे मनोरा ही चर्चला दिलेली जोड नव्हती. मनोरा हेच चर्च होते.

लाकडाची आठवण म्हटले की गवंडी सवयीचा गुलाम ठरतो. मला इथे दुरून दिसावे म्हणून मुद्दाम केलेले काम दिसते. ते करवून घेणाऱ्याला देवाइतकीच शेजारपाजारच्या जमीनदारांची नजर हवी होती.