यंत्रयोद्ध्याची खतावणी

फ्रॉम सॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा 'आर्मर्ड कोर' हा व्हिडिओ गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. उस्मानपुऱ्यातल्या घरी आज तो खेळताना आधी खटकते ती अवघड हाताळणी. नजर वर-खाली करायलाही वेगळी बटणे दाबावी लागतात. पण त्याचा खरा गाभा लढाईत नाही, हिशेबात आहे, असे माझे मत आहे.

नायक भाडोत्री योद्धा आहे. डोके, हात, पाय, जनरेटर, शस्त्रे असे सुटे भाग विकत घेऊन तो आपले महाकाय यंत्र जुळवतो. मोहीम फत्ते झाली, की मोबदल्यातून दारूगोळ्याचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा होतो. म्हणजे जिंकूनही खिसा रिकामाच राहू शकतो. कर्ज ५०,०००च्या पलीकडे गेले, तर नायकाच्या शरीरावर प्रयोग होतात आणि खेळ वाढीव शक्तीनिशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवख्या खेळाडूला दिलेली सवलत इथे देह गहाण टाकण्याच्या रूपात येते. हे भेदक आहे.

एक गोष्ट मात्र पटत नाही. वापरलेला भाग विकला, तर पूर्ण किंमत परत मिळते. वाळूजच्या कारखान्यांवर जगणाऱ्या आमच्या शहरात जुन्या यंत्राला नव्याचा भाव येत नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. या सवलतीमुळे खेळाडू निर्धास्तपणे नवनवी जुळणी करून पाहतो, हे खरे. पण तिचा अर्थ तेवढाच उरत नाही: या खतावणीत लोखंडाला घसारा नाही, तो फक्त माणसाला आहे.