मैत्री ही खाजगी बाब नव्हे

धर्म ही खाजगी बाब आहे, सार्वजनिक जीवनात तिला थारा नको, असे आपल्याकडील धर्मनिरपेक्ष विचारवंत सांगतात आणि पुष्ट्यर्थ बाबासाहेबांचाच दाखला देतात. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी नेमका हाच भेद केला आहे : धर्म व्यक्तिगत मानला जातो, धम्म मात्र मूलतः सामाजिक आहे. एकट्या माणसाला त्याची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की ती उत्पन्न होते. तिसऱ्या खंडात ते करुणेपाशीही थांबत नाहीत. करुणा मनुष्यमात्रापुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात तर, कायदा ऐहिक म्हणून कोणीही तो मोडू शकतो, बंधुतेचे तसे नाही, असा त्यांचा आशय होता. या विधानाला टीकाकार सहसा बगल देतात.

मग प्रेमाचे काय? ‘जातिभेद निर्मूलन’ (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही दोन धर्मांच्या व्यक्तींना धर्म न सोडता विवाहाची वाट दिली. परंतु त्याच कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस विरोधकांच्या हाती आयतेच साधन देते. ऐहिक कायद्याची मर्यादा ती हीच.

वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारणारे बौद्ध उपासकही आहेत (अर्जात रकाना नसला तरी चौकशी होतेच). मैत्रीची व्याख्या त्यांना मुखोद्गत असते. धर्मनिरपेक्षतावाद्यांनी याविषयी आम्हांस छेडले, तर त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.