रेगशॉट: वजाबाकी बरोबर, पण निष्कर्ष?

संगणकावर नवी आज्ञावली बसवली की नेमके काय काय बदलते? या प्रश्नाचे उत्तर देणारे ‘रेगशॉट’ हे छोटेसे साधन विनामूल्य मिळते. त्याची रीत प्रयोगवहीसारखी आहे. आज्ञावली बसवण्यापूर्वी एकदा आणि बसवल्यावर एकदा ते संगणकाची स्थिती टिपून घेते. त्यात विंडोजची रजिस्ट्री येते, म्हणजे विंडोज आणि इतर आज्ञावली आपापल्या मांडणीच्या नोंदी जिथे ठेवतात ती सामायिक वही. शिवाय आपण सांगू त्या फोल्डरांतल्या फायलीही येतात. मग दोन्ही टिपणांची तुलना करून काय नवे आले, काय गेले, काय बदलले याची यादी ते आपल्यापुढे ठेवते. रीत इतकी सोपी की विद्यार्थ्यांना सहज समजावी.

आक्षेप साधनावर नाही, यादीवरून सर्रास काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. यादीतले सगळे बदल नव्या आज्ञावलीनेच केले, असे आपण धरून चालतो. परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मधल्या वेळात विंडोज स्वस्थ बसलेले नसते. ते घडामोडींची नोंद लिहीत असते, तात्पुरत्या फायली बनवून पुसत असते, स्वतःच्या सुधारित आवृत्त्या शोधत असते. हे सारे त्याच यादीत मिसळते.

यावरचा उपाय विज्ञानशिक्षकांच्या परिचयाचा आहे. काहीही न बसवता, समजा दहा मिनिटांच्या अंतराने, दोन टिपणे घ्या आणि तुलना करा. यादी सहसा कोरी येत नाही! नंतर आज्ञावली बसवून तेवढ्याच अंतराने पुन्हा टिपणे घ्या. पहिल्या यादीत नसलेले आणि दुसऱ्या यादीत आलेले बदल तेवढे संशयित मानावेत. तोही पक्का पुरावा नव्हे, कारण विंडोजची पडद्यामागची कामे दर वेळी सारखी नसतात.

दुसरी उणीव या रीतीतच आहे. मधल्या वेळात तयार होऊन पुसली गेलेली फाईल दोन्ही टिपणांत नसते. २००६ साली आलेले ‘प्रोसेस मॉनिटर’ ही उणीव भरून काढते. कोणत्या आज्ञावलीने, कोणत्या क्षणी, कोणत्या फाईलला हात लावला हे ते घडत असतानाच नोंदवते. म्हणजे इथे कर्ता कळतो. मात्र थोड्याच वेळात नोंदींचा एवढा ढीग साचतो की चाळणी कशी लावायची हे शिकल्याशिवाय हाती काही लागत नाही.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रेगशॉटला जे दिसते ते विंडोजने दाखवलेले असते. सोनी बीएमजी कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडींमधून संगणकावर बसणारी एक आज्ञावली ‘डॉलर-सिस-डॉलर’ने सुरू होणाऱ्या नावांच्या फायली विंडोजच्या यादीतूनच लपवत असे. ऑक्टोबर २००५ मध्ये मार्क रुसिनोविच यांनी हे उघड केले. त्यांनी व ब्राइस कॉग्स्वेल यांनी लिहिलेले साधनही तुलनाच करत होते. परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची नव्हे, तर विंडोज काय सांगते आणि डिस्कवर प्रत्यक्ष काय आहे यांची. कशाची कशाशी तुलना करायची, या निवडीवर सारे अवलंबून असते.

त्याच घटनेत आणखी एक धडा आहे. लपलेल्या फायली रुसिनोविच यांनी काढून टाकल्यावर त्यांच्या संगणकाला सीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला, कारण त्या आज्ञावलीने स्वतःला ड्राइव्हच्या कामात गुंतवून ठेवले होते. संशयित फाईल सापडली एवढ्यावर ती पुसणे धोक्याचे असते, ते असे.

म्हणून शाळेत रेगशॉट जरूर वापरावे, पण यादीतल्या फायली पुसत सुटण्यासाठी नव्हे. ‘यानंतर घडले’ आणि ‘यामुळे घडले’ यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवायला याहून स्वस्त उपकरण शोधूनही सापडणार नाही.