मुखपृष्ठावरचे रिव्हॉल्व्हर

कादंबरीतील वस्तू खरी केव्हा ठरते, हा प्रश्न आपल्याकडील टीकेत फारसा विचारला जात नाही. पात्रे सजीव आहेत की नाहीत, कथानक संभवनीय आहे की नाही, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. परंतु नायकाच्या खिशात लेखक जी वस्तू घालतो तिचीही एक संभवनीयता असते, आणि ती सांभाळण्याचे उत्तरदायित्व लेखकावर असते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अशाच एका वस्तूचा विचार येथे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे आखूड नळीचे, अंगावर लपवून बाळगता येणारे रिव्हॉल्व्हर. आणि तिच्या निमित्ताने पाहावयाचे ते इंग्रज कादंबरीकार इयन फ्लेमिंग यांचे लेखन.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. अमेरिकेतील कोल्ट कंपनीत जॉन हेन्री फिट्झजेराल्ड नावाचे एक निष्णात नेमबाज नोकरीस होते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी कंपनीच्या नेहमीच्या रिव्हॉल्व्हरांची काटछाट करण्यास आरंभ केला. नळी दोन इंचांवर आणली. खिशातून काढताना कपड्यात अडकू नये म्हणून घोड्याचे वर आलेले टोक कापून टाकले. मुठीचे कोपरे घासून गोल केले. आणि सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे चापाभोवती रक्षणासाठी जे लोखंडी कडे असते, त्याचा पुढचा भागच काढून टाकला. बोट क्षणाचाही विलंब न लागता चापावर पडावे, हा त्यातील हेतू. अशी दोन रिव्हॉल्व्हरे ते स्वतः विजारीच्या पुढच्या दोन खिशांत बाळगीत. १९२७ साली कोल्ट कंपनीने दोन इंची नळीचे, सहा गोळ्यांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणले. त्यात नळी आखूड होती, परंतु चापाचे कडे मात्र कंपनीने शाबूत ठेवले होते. या भेदाचा अर्थ पुढे स्पष्ट होईल.

या काटछाटीत एक रोकडा हिशेब आहे. नळी आखूड केली की शस्त्र लपते, पण दूरचा नेम बिघडतो. घोड्याचे टोक गेले की ते कपड्यात अडकत नाही, पण अंगठ्याने घोडा मागे ओढून सावकाश नेम धरण्याची सोय जाते. कडे कापले की वेग येतो. पण खिशातल्या रुमालाच्या किंवा किल्लीच्या धक्क्याने चाप दाबला जाऊन मालकाचीच मांडी फुटण्याचा धोका वाढतो. प्रत्येक लाभाची किंमत शस्त्र लगेच वसूल करते. म्हणून असे रिव्हॉल्व्हर नुसते पाहूनही जाणत्यास मालकाविषयी बरेच काही कळते. शत्रू हातभर अंतरावरून येईल, तो अकस्मात येईल, आणि त्या क्षणापुढे आपल्या मांडीची भीती गौण आहे, असा निर्णय त्या मालकाने केलेला असतो. भीतीचे असे स्पष्ट शिल्प दुसऱ्या वस्तूत क्वचितच आढळेल. कादंबरीकाराला याहून बोलके साहित्य कोणते हवे?

फ्लेमिंग यांना वस्तूंचा सोस होता. त्यांचा नायक कोणती सिगारेट ओढतो, कोणते मद्य कसे घेतो, हे ते नावानिशी सांगतात. आणि त्यांच्या कथनाला जो वेग व जी खात्री येते, तिचे पुष्कळसे श्रेय या नावांना आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘कॅसिनो रॉयाल’ या १९५३ च्या पहिल्या कादंबरीत बाँडजवळ एक चपटे बेरेटा पिस्तूल आहे, आणि उशीखाली नळी कापलेले कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. वाचकाला वाटते, लेखकाला सर्व ठाऊक आहे.

ही खात्री १९५६ साली एका वाचकाने हलविली. ग्लासगो येथे राहणारे जेफ्री बूथरॉइड हे शस्त्रांचे व्यासंगी होते. त्यांनी फ्लेमिंग यांना पत्र लिहून कळविले की, बाँडसारख्या माणसाच्या हाती .२५ चे बेरेटा शोभत नाही. ते फार दुबळे आहे. त्याऐवजी त्यांनी स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘सेंटेनियल एअरवेट’ हे हलके, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सुचविले. त्याचा घोडा आवरणाच्या आत दडलेला असतो, त्यामुळे तो कपड्यात अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. फ्लेमिंग यांचा मोठेपणा असा की, त्यांनी ही टीका कृतज्ञतेने स्वीकारली. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ मध्ये मेजर बूथरॉइड नावाचा शस्त्रतज्ज्ञ अवतरतो, बेरेटाची निर्भर्त्सना करतो आणि बाँडला वॉल्थर पिस्तूल देतो. सुचविलेले रिव्हॉल्व्हरही त्याच्या शिफारशीत आहे. वाचकाच्या पत्राचे इतके सढळ फळ वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच!

आमच्या मते कादंबरीतील वस्तूला तीन कसोट्या लावाव्या: नाव, उपयोग आणि भार. बूथरॉइड यांच्या साहाय्याने फ्लेमिंग पहिल्या कसोटीस उतरले. दुसरीत ते अर्धेच उतरले. बूथरॉइड यांनी ज्या बर्न्स-मार्टिन बनावटीच्या चामडी म्यानाची शिफारस केली होती, ते रिव्हॉल्व्हरचे गोल फिरते चक्र स्प्रिंगने धरून ठेवणारे म्यान होय. फ्लेमिंग यांनी ते चपट्या वॉल्थर पिस्तुलास देऊन टाकले. त्या पिस्तुलास असले चक्र नसतेच. लेखकाने नाव उचलले, पण ते नाव ज्या कारणामुळे जन्मास आले ते कारण मागेच राहिले. तथापि ही चूक क्षम्य आहे. खरा प्रश्न तिसऱ्या कसोटीचा.

भार म्हणजे औंसांचा भार नव्हे. शस्त्र अंगावर बाळगणारा मनुष्य उठताना, बसताना, मुलाला कडेवर घेताना, मित्राच्या खांद्यावर हात ठेवताना एका गोष्टीचे भान सोडू शकत नाही. त्याच्या कोटाची शिलाई बदलते, त्याची चाल बदलते, आणि भोवतालच्या माणसांकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलते. या भाराला फ्लेमिंग एकदाच जवळून स्पर्श करतात. ‘डॉक्टर नो’ मध्ये बेरेटा काढून घेतले जात असता, पंधरा वर्षे कोठकोठल्या हॉटेलांच्या खोल्यांत ते उघडून, पुसून, काडतुसे भरून ठेवल्याची आठवण बाँडला होते. येथे क्षणभर एक एकटा, भयग्रस्त माणूस आपल्यासमोर उभा राहतो. दुर्दैव असे की लेखक तेथे थांबत नाही. नवे पिस्तूल येते, आणि त्या माणसाची जागा पुन्हा नायक घेतो.

या भाराचा पुरावा फ्लेमिंग यांच्या पुस्तकात नसला, तरी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे आहे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे मुखपृष्ठ रिचर्ड चॉपिंग यांनी रंगविले. फुलपाखरे आणि फुले रेखाटण्यात त्यांचा हात बसलेला होता. या चित्रात गुलाबाचे फूल आणि रिव्हॉल्व्हर एकत्र आहेत, आणि दोहोंवर सारखेच प्रेम केलेले दिसते. ते रिव्हॉल्व्हर कल्पनेतले नव्हते. ते बूथरॉइड यांचे स्वतःचे होते. नळी आखूड केलेले आणि फिट्झजेराल्ड यांच्या रीतीने चापाचे कडे कापलेले. नमुन्यासाठी त्यांनी ते चित्रकाराकडे पाठविले होते. त्याच सुमारास, सप्टेंबर १९५६ मध्ये, ग्लासगोजवळच्या बर्नसाइड येथे एका घरात तीन स्त्रिया रात्री गोळ्या घालून मारल्या गेल्या. शस्त्र .३८ चे होते. पोलिसांनी त्या जातीच्या शस्त्रांचा शोध आरंभिला, आणि चौकशी बूथरॉइड यांच्याही दारी आली. त्यांचे रिव्हॉल्व्हर त्या वेळी गुलाबाशेजारी चित्र काढून घेत होते!

त्या शस्त्राचा गुन्ह्याशी काहीही संबंध नव्हता. मारेकरी पीटर मॅन्युएल होता. १९५८ च्या जुलैमध्ये, ‘डॉक्टर नो’ प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच, तो फाशी गेला. तत्पूर्वी मृत स्त्रीच्या निरपराध पतीला मात्र त्याच खुनांच्या आरोपाखाली दोन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला होता. एका बाजूस मुखपृष्ठावर सुबक रंगविलेले शस्त्र, आणि दुसऱ्या बाजूस तशाच जातीच्या शस्त्राने उजाड केलेले घर. या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते ओलांडणे हे वाङ्मयाचे काम होते. फ्लेमिंग यांच्या हातून ते झाले नाही. त्यांनी ते करावयाचे मनात आणले होते असेही दिसत नाही.

हे काम अशक्य आहे काय? मुळीच नाही. ग्रॅहम ग्रीन यांनी आपल्या एका निबंधात, व पुढे १९७१ च्या ‘अ सॉर्ट ऑफ लाइफ’ या आत्मकथनात, थोरल्या भावाच्या कपाटात सापडलेल्या लहानशा रिव्हॉल्व्हरची हकीकत सांगितली आहे. कोणती कंपनी, कोणती बनावट, यात त्यांना रस नाही. तारुण्यातल्या असह्य कंटाळ्यापायी त्यांनी त्या शस्त्राशी जो जीवघेणा खेळ मांडला, त्याचे ते वर्णन आहे. आणि त्या खेळाचा थरारदेखील अखेरीस शिळा झाला, हे ते निर्विकारपणे सांगतात. पहिल्या कसोटीत ग्रीन यांना गुण थोडे मिळतील, परंतु तिसरीत त्यांच्या शेजारी फ्लेमिंग यांना उभे करता येत नाही. ते पान वाचून झाल्यावर कोणाही वाचकास तसले रिव्हॉल्व्हर हाती घ्यावेसे वाटणार नाही.

हा विचार मराठी वाचकाला परका नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर आपल्याकडील पिढ्या पोसल्या. त्यांच्या झुंजाराच्या आणि काळा पहाडाच्या हातातील पिस्तूल आपणांस घरच्या अडकित्त्याइतके परिचित आहे. परंतु १८७८ च्या व पुढे १९५९ च्या शस्त्रकायद्यामुळे परवान्यावाचून शस्त्र बाळगणे येथे गुन्हा ठरले, आणि सामान्य पांढरपेशा कुटुंबाला खरे रिव्हॉल्व्हर हाताळण्याचा प्रसंग सहसा आला नाही. ही स्थिती इष्टच आहे. मात्र तिचा एक परिणाम असा की, आपल्यामध्ये बूथरॉइड निपजत नाहीत. लेखकाने जे लिहावे ते आपण खरे मानावे, कारण पडताळा पाहण्यास आपल्याजवळ काहीच नसते. ज्या वाचकाला चूक काढता येत नाही, त्याच्याशी लेखकाने अधिक प्रामाणिक असावे, हे उघड आहे.

फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्या वाचू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. त्या मनोरंजक आहेत आणि मनोरंजनाचा आम्हांस तिटकारा नाही. मात्र घरातील मुलगा ते पुस्तक हातावेगळे करून बाँडच्या पिस्तुलाचे नाव तोंडपाठ म्हणून दाखवील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला एवढेच विचारावे, की ते खिशात घेऊन तो माणूस रात्री झोपत कसा असेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या पुस्तकात मिळेल, ते पुस्तक त्याने अवश्य दुसऱ्यांदा वाचावे.