बसण्याची जागा आणि नावाची जागा

आपल्याकडे पुस्तकावर टीका होते, नाटकावर होते, गाण्यावरही होते. पण रस्त्याकडेच्या बाकावर कोणी टीकालेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक सार्वजनिक बाक ही गावाने सर्वांसाठी केलेली कृतीच होय, आणि कृती म्हटली की तिचे गुणदोष आलेच.

पेणपासून रोह्यापर्यंत जा. थांब्यावर, तळ्याकाठी, देवळापुढे साच्यातून काढलेला सिमेंटचा बाक दिसेल. त्याची पाठ जवळजवळ ताठ. तिच्यावर ठळक अक्षरांत कोणाचे तरी स्मरण, नाहीतर कोणाच्या तरी निधीचा उल्लेख. आता गंमत पाहा. माणूस टेकून बसला की ते नाव झाकले जाते. म्हणजे देणाराचे नाव उजळ राहायचे तर बाक रिकामाच राहिला पाहिजे! ज्या वस्तूचा उपयोग झाला की तिचा हेतू झाकला जातो, त्या वस्तूच्या घडणीत काहीतरी मुळातच उलटे आहे, असे मला वाटते.

ही केवळ शब्दांची कोटी नव्हे. नावासाठी पाठ सपाट आणि सलग हवी. बसणाराच्या पाठीला मात्र किंचित मागे झुकलेला टेका हवा. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आलेल्या म्हातारीला उठताना हात टेकायला दांडी हवी. ती बहुधा नसते. कोकणात चार महिने पाऊस. बैठकीला उतार वा फटी नसतील तर पाणी साचते, शेवाळे धरते. वैशाखात तेच सिमेंट चटके देते. अक्षरे मात्र दर वर्षी नव्याने रंगवता येतात.

नाव असूच नये, असे मी म्हणत नाही. दिवंगताच्या स्मरणार्थ चार माणसांना विसावा द्यावा, यासारखी सुंदर कल्पना नाही. प्रश्न एवढाच, की ओळख पटते ती कशाने? याचे उत्तर पेणकरांना ठाऊक आहे. पेणच्या कारखान्यांतून, हमरापूर-जोह्याच्या घराघरांतून गणपती बाहेर पडतात. मूर्तीच्या छातीवर कोणी आपले नाव रंगवीत नाही. तरी डोळ्यांची आखणी पाहून जाणता माणूस म्हणतो, ही पेणची मूर्ती. याहून मोठा शिक्का कोणता? पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात गाब्रिएल दाव्हियू या वास्तुकाराने रस्त्यांसाठी दुहेरी लाकडी बाक घडवला. त्याच्या ओतीव लोखंडी पायावर शहराचे चिन्ह आहे, दाव्हियूचे नाव नाही. पण आजही लोक त्याला दाव्हियूचाच बाक म्हणतात.

आपल्या मराठी मुलखातलीच एक गोष्ट सांगतो. २०२१ साली क्रीडा-पत्रकार सुनंदन लेले यांना इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या आल्ट्रिंगहॅम गावी, एक लोखंडी बाक दिसला. त्यावर मराठी अक्षरे होती, आणि गाव होते सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे सावळज! नावामुळेच त्याचे माहेर कळले, हे खरे, आणि नावाचा एवढा मान मी आनंदाने राखतो. पण तिथल्या येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ती अक्षरे कितीजणांना वाचता येत असतील? त्यांच्यापुरता तो निव्वळ बसायचा भक्कम बाक. परमुलखात टिकून राहायला त्याला नाव उपयोगी पडले नाही, लोखंड पडले.

म्हणून देणारांना आणि घडवणारांना माझी एवढीच विनंती आहे. नाव पायाशी घालावे किंवा कडेला कोरावे. बसणारा आला तरी ते दिसेल. आणि बाक साच्यातून काढण्याआधी गावातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला नमुन्यावर बसवून पाहावे. तो उठताना “बरं वाटलं” म्हणाला, तर स्मरण झाले असे समजावे.