वर्गणीतला विनोद

कर्जत-खालापूरच्या गावांत वर्गणीचं पुस्तक घेऊन आलेल्या पोरांना सहसा कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. हरिनाम सप्ता, गावदेवीची पालखी, गणपती, भातकापणी उरकली की खाचरांत भरणाऱ्या क्रिकेटच्या स्पर्धा. वर्षभर काही ना काही चालूच असतं. एके काळी या यादीत हौशी नाटकही असायचं. पडदे भाड्याने आणायचे, स्त्रीभूमिकेसाठी मानधन देऊन बाहेरून नटी बोलवायची आणि नायकाचं काम बहुधा ज्याची वर्गणी घसघशीत त्याच्या घरात जायचं. प्रयोग कितीही पडला तरी गाव पहाटेपर्यंत बसून राही. पैसे गावाचेच होते, उठून जाणार कुठे?

अमेरिकेत हाच व्यवहार संगणकावर झाला की त्याची बातमी होते. मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर १९८८ साली ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. एक माणूस आणि दोन यंत्रमानव बाहुल्या टुकार सिनेमे बघतात आणि बघता बघता त्यांची टिंगल करतात, एवढाच मामला. १९९९ मध्ये तो बंद पडला. पण त्याचे चाहते पांगले नाहीत. २०१५ साली मूळ कर्ता जोएल हॉजसन याने लोकांपुढे झोळी पसरली, तेव्हा ४८ हजारांहून अधिक माणसांनी मिळून ५७ लाख डॉलरांच्या वर रक्कम टाकली. २०१७ मध्ये नवे भाग नेटफ्लिक्सवर आले. दोन हंगामांनंतर नेटफ्लिक्सने हात काढून घेतला, तर २०२१ मध्ये चाहत्यांनी पुन्हा सुमारे ६५ लाख डॉलर उभे केले. २०२३ मध्ये तिसऱ्यांदा हाक दिली, ती मात्र वाया गेली. तेच चाहते, तेच खिसे, आणि दर वेळी वय थोडं वाढलेलं.

मराठीत असं का होत नाही, असा प्रश्न अधूनमधून ऐकू येतो. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ परत आणा, ‘दिल दोस्ती दुनियादारी’ परत आणा, आम्ही पैसे देऊ, असं म्हणणारे चाहते ठाण्यात भेटतात, खोपोलीत भेटतात, अमेरिकेतल्या मंडळांतही भेटतात. यावर ठरलेलं उत्तर असं की मराठी माणूस खिशात हात घालत नाही. हे उत्तर मला पटत नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली आणि भाग विकून भांडवल जमवलं. एकही खंड छापून झालेला नसताना लोकांनी पैसे दिले. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिराती वाचून, न पाहिलेल्या पुस्तकाची रक्कम आधी भरणारे वाचक मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शेजारच्या गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि १९७६ साली ‘मंथन’ आला. दिग्दर्शक श्याम बेनेगल असले तरी पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते. तेव्हा खोट खिशात नाही. ती शोधायची तर आपल्या दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचं काय झालं ते पाहावं लागेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याच दशकात चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही जोडी अशी काही रुजली की पुस्तक वाचतानाही पुढे तेच दोन चेहरे दिसू लागले. पण हा खजिना आज मागायला जावं तर हाती तुकडेच लागतात. त्या काळी टेप महाग होती. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा उतरवायचा हा दूरदर्शनमधला शिरस्ता. पुण्याचा एक भित्रा कारकून आणि त्याचा आडदांड मावसभाऊ यांच्यावर प्रेक्षक भागामागून भाग हसले, आणि त्या हसण्याचं दफ्तर कुणी नीट ठेवलं नाही. गुंड्याभाऊ करणारे कर्वे २०२५ मध्ये गेले. त्यांच्यावरचे लेख वाचताना जाणवलं की ज्यांना त्यांचं काम आठवतं त्यांनी ते एकदाच पाहिलं आहे, आणि ज्यांचा जन्म नंतरचा त्यांनी फक्त ऐकलं आहे. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर एखादी कलाकृती पन्नास वर्षं जिवंत राहावी हे विलक्षणच.

अल्फा मराठी १९९९ मध्ये आली, आणि २००१ ते २००४ या काळात तिच्यावर ‘टिपरे’ चालली. प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे रोजनिशीच्या रूपातलं लेखन मुळाशी, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. मालिका आठवड्यातून एकदाच लागायची, आणि माझ्या मते तिचं अर्धं यश त्यातच आहे. घरातलं एखादं क्षुल्लक प्रकरण घ्यायचं, आबांच्या, म्हणजे प्रभावळकरांनी केलेल्या गंगाधर टिपऱ्यांच्या, खोडकर मध्यस्थीने ते जरा फुगवायचं आणि हलकेच खाली ठेवायचं. मुलगा शेखर आणि सून श्यामला यांचं भांडणसुद्धा आपल्या भिंतीपलीकडून ऐकू यावं तसं होतं. कुणी खलनायक नाही, कुणाला विष घातलं जात नाही, संपत्तीचे कागद चोरीला जात नाहीत. पुढे ‘सास-बहू’च्या लाटेत मराठी वाहिन्यांनी जे जे उचललं, त्यातलं काहीच इथे नाही. शुभांगी गोखले यांची श्यामला पुन्हा पाहा. सुनेच्या एवढ्या खऱ्या भूमिका नंतरच्या वीस वर्षांत दूरचित्रवाणीवर किती लिहिल्या गेल्या? माझी बोटं एका हाताच्या पुढे जात नाहीत.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५ मध्ये त्याच वाहिनीवर आली तेव्हा वाहिनीचा दिवस बदलला होता. रोज भाग हवा होता. तरीही ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमधल्या सहा पोरापोरींनी रोजच्या रतिबातही ताजेपणा टिकवला, आणि वर्षाच्या आत मालिका संपवलीही. संपवली म्हणूनच ती लोकांच्या मनात राहिली. २०१७ मध्ये त्याच सहा जणांना घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. चेहरे जुने, पात्रं नवी, गोष्ट नवी. प्रेक्षकांना ते नको होतं. त्यांना कैवल्य आणि सुजय हवे होते. अमेय वाघ आणि सुव्रत जोशी ही नुसती त्यांची शरीरं. नट आणले म्हणजे माणसं परत येतात असं नाही, हा धडा वाहिनीने तेव्हाच घ्यायला हरकत नव्हती.

तो घेतलेला दिसत नाही. ‘फू बाई फू’ २०२२ मध्ये परत आलं आणि बघता बघता गुंडाळलं गेलं. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून जवळपास दहा वर्षं चालून मार्च २०२४ मध्ये थांबलं आणि जुलै २०२५ मध्ये सूत्रसंचालक बदलून पुन्हा उभं राहिलं. आधीचे सूत्रसंचालक निलेश साबळे यांच्याशिवायचं ‘हवा येऊ द्या’ म्हणजे पाटी तीच आणि आचारी दुसरा. वाहिनीच्या हिशेबात पाटीची किंमत आहे, कारण पाटी वाहिनीच्या मालकीची. लेखक, नट, सूत्रसंचालक येतात-जातात; नाव, पात्रं आणि जुने भाग वाहिनीच्या तिजोरीत राहतात. चाहत्यांनी उद्या कोटभर रुपये जमवले तरी ते कुणाच्या हातात द्यायचे? अमेरिकेतल्या त्या खटाटोपाची गोष्ट सांगताना आपण गर्दी किती जमली तेवढंच सांगतो. प्रत्यक्षात आधी ‘शाउट फॅक्टरी’ या कंपनीने मालिकेचे हक्क घेतले आणि झोळी त्यानंतर फिरली. आपल्याकडे नेमकी ही पहिली पायरी गायब आहे.

हिंदीतही फार वेगळं घडलं नाही. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर चालली तेव्हा पाहणारे थोडे होते; नंतरच्या पुनःप्रक्षेपणांनी आणि तोंडी कीर्तीने ती दंतकथा झाली. चाहत्यांच्या आग्रहामुळे २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरा हंगाम आला. तीच माणसं, तेच लेखक, तरी पहिल्याची धार त्यात नव्हती. चाहता मागतो ती मालिका, आणि त्याला खरं हवं असतं ते मालिका बघत असतानाचं आपलं वय. ते कुठलाच निर्माता पुरवू शकत नाही.

मग आज चाललंय काय? प्रहसन. सोनी मराठी २०१८ मध्ये सुरू झाली आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने तिला घराघरात नेलं. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी उभी केलेली नटांची ही फळी मला मनापासून आवडते. समीर चौघुलेंचं शरीर, नम्रता संभेरावचं बोलीवरचं प्रभुत्व, गौरव मोरे तिथे होता तोवर त्याचं निर्लज्ज वेळभान. इतके ताकदीचे विनोदी नट एका मंचावर मराठी दूरचित्रवाणीने पूर्वी पाहिले नव्हते. पण दहा-बारा मिनिटांत माणूस उभा करून, हसवून, मोडूनही टाकायचा असतो. दर अर्ध्या मिनिटाला टाळी हवी. त्यामुळे पात्राची एक लकब पकडायची, एक पालुपद द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात तेच पालुपद परत आणायचं. पालुपदाला हशा येतो, पण तो ओळखीचा असतो. समोर परीक्षक आधीच हसत बसलेले असतात, म्हणजे घरी बसलेल्याने कुठे हसायचं तेही ठरलेलं. टिपऱ्यांच्या घरात कुणी हसून दाखवत नव्हतं. या नटांना दोन वर्षं सलग एकेक पात्र मिळालं तर काय होईल, हा प्रश्न एकाही वाहिनीला पडलेला नाही. त्यांची उत्तम कामं आता नाटकांत आणि सिनेमांत सांडतात.

नाटकात! तिथे मराठी प्रेक्षक पैसे मोजतो, आणि आधी मोजतो. २०१० मध्ये सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ उपक्रमात जुनी नाटकं पुन्हा रंगमंचावर आणली, प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग असा नियम करून. ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’. संख्या बांधलेली होती, म्हणून नाटकावर गंज चढला नाही आणि प्रेक्षकाने तिकीट लांबणीवर टाकलं नाही. पुढे बर्वेंच्याच संस्थेने ‘अमर फोटो स्टुडिओ’ काढलं तेव्हा ‘माजघरा’तली पोरं रंगमंचावर आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा तरुण प्रेक्षक तिकीटखिडकीवर आला. मराठीत पुनरागमनाचा चालणारा नमुना आहे तो हा. आमच्याकडून तिथे पोहोचायचं तर पनवेलचं फडके नाट्यगृह किंवा लोकलने कल्याणचं अत्रे रंगमंदिर. रात्रीच्या प्रयोगानंतर खोपोली लोकल चुकू नये म्हणून शेवटचा प्रवेश उभ्याने पाहणारे रसिक या पट्ट्यात मुबलक आहेत.

विरोधाभास असा की चित्रीकरणाच्या बाबतीत हा पट्टा राज्यात कुणाला हार जाणार नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे महाल इथले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचा दरबार इथला, ‘प्रेम रतन धन पायो’चा शीशमहलही इथलाच. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाईंनी तिथेच जीवन संपवलं. त्यामागे कर्जाचा डोंगर होता. आता स्टुडिओचा कारभार राज्याच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आहे. पुढचे आराखडे ऐकू येतात ते पुन्हा भव्यतेचे. कर्जतच्या फार्महाऊसवर मालिकांची युनिटं येतात, जनरेटरची गाडी लागते, गावातल्या चार पोरांना काम मिळतं, जेवणाचं कंत्राट कुणाला तरी जातं. विनोदी मालिकेला मात्र यातलं जवळपास काहीच लागत नाही. दोन भिंती, एक सोफा, एक दार आणि त्या दारातून योग्य क्षणी आत येणारा माणूस. महामंडळाने एका कोपऱ्यातला एक सेट वर्षभर लेखकांना फुकट दिला तरी पुष्कळ. लेखक म्हणतोय मी, निर्माते नव्हे.

खालापुरात वर्गणी काढून विनोद ऐकण्याची सोय आज कुठे उरली असेल तर ती सप्त्यात. सात दिवसांचे कीर्तनकार ठरवताना ‘हसवणारे महाराज’ एक दिवस तरी हवेतच, यावर गावात एकमत असतं, आणि त्या दिवशी मांडव अपुरा पडतो. सुनांवरच्या, मोबाइलवरच्या, लग्नातल्या डीजेवरच्या त्या कोट्या अनेकदा ढोबळ असतात, कधी बायकांच्या बाबतीत ओंगळही. पण महाराजांचं मानधन गावाने दिलेलं असतं, पुढे बसलेला माणूस त्यांना नावानिशी माहीत असतो, आणि पडलेली कोटी लगेच कळते, गुरुवारच्या टीआरपीची वाट पाहावी लागत नाही. वाहिनीवरच्या विनोदाला असा हिशेब देणारा माणूस समोर नाही.

अशा प्रेक्षकाच्या पैशावर ‘टिपरे’ आणायची तर कशी आणावी? जुनं घर जसंच्या तसं उभं करू नये, एवढं नक्की. प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडली आहे. तेव्हाच्या हिशेबाने शेखर आता सेवानिवृत्त, नातू शिऱ्या चाळिशीचा, त्याला शाळेत जाणारी पोरं असणार. कुणी तरी परदेशी असेल आणि रविवारी सकाळी पडद्यावर दिसत असेल. हर्बेरियमसारखे पंचवीस भाग, एक जास्त नाही, आठवड्याला एक. पैसे मागण्याआधी वाहिनीकडून हक्क लिहून घ्यावेत आणि वर्गणीतला पहिला हप्ता लेखकाला सहा महिने नुसतं बसून लिहायला द्यावा. वर्गणीदाराला भाग चार दिवस आधी दाखवा, श्रेयनामावलीत नाव द्या, हवं तर सेटवर चहाला बोलवा. कथेत बोट घालू देऊ नका, आणि त्याच्या भाच्याला भूमिका तर मुळीच नको. आबांच्या जागी दुसरा नट बसवायचा मोहही टाळावा. त्या घरात आता म्हातारा शेखर आहे. रोजनिशी लिहायची पाळी त्याची.