पाठटाचण आणि आंतरजाल : 'औदुंबर'च्या अध्यापनाच्या निमित्ताने

छात्राध्यापकाचे पाठटाचण हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना प्रथमदर्शनी काहीशी विचित्र वाटण्याचा संभव आहे. कविता, कादंबरी, नाटक यांच्या पंक्तीला पाठटाचण बसत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या लेखनाला ठरलेला आकृतिबंध आहे, ज्यात एका संहितेचे दुसऱ्या कोणासाठी तरी विवरण केलेले असते आणि जे वर्षानुवर्षे नियमाने लिहिले जाते, ते लेखन समीक्षकाने सर्वस्वी उपेक्षावे इतके क्षुल्लक खास नाही. मराठी कवितेशी बहुसंख्य वाचकांचा पहिला, आणि पुष्कळदा अखेरचा, संबंध शाळेच्या वर्गात येतो. तो कोणत्या रीतीने यावा हे ज्या कागदावर ठरते तो कागद म्हणजे पाठटाचण होय. या कागदावर आता आंतरजालाचा प्रवेश झालेला आहे. त्या प्रवेशाने कवितेच्या अध्यापनात नेमके काय घडते, याचा एका उदाहरणाच्या आधारे विचार करण्याचे येथे योजिले आहे.

आपल्याकडील पाठटाचणाचा साचा मुख्यतः हर्बार्टच्या परंपरेतून आलेला आहे. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६-१८४१) याचे मूळ म्हणणे असे, की नवे ज्ञान विद्यार्थ्याच्या पूर्वज्ञानाशी जोडले गेले तरच ते त्याच्या मनात रुजते. त्सिलर व राइन या त्याच्या अनुयायांनी या विचारातून पाठाच्या पाच पायऱ्या सिद्ध केल्या आणि त्याच पुढे 'पंचपदी' या नावाने आपल्या अध्यापक-विद्यालयांत स्थिरावल्या. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्याचे सहकारी यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धती मांडली. तीही यथाकाल आपल्याकडे आली. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता घातली आणि परिषदेच्या अभ्यासक्रम-आराखड्यात 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन' या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले. या नावातील 'चिकित्सक' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुर्दैवाने व्यवहारात नेमका तोच गळून पडतो. पाठटाचणात 'शैक्षणिक साहित्य' असा एक रकाना असतो. त्यात पूर्वी 'फळा, खडू, तक्ता' असे लिहीत. आता 'लॅपटॉप, प्रोजेक्टर, ध्वनिचित्रफीत' असे लिहितात. साधन कोणते, हे या रकान्यात येते. ते का, आणि नेमके कोणत्या क्षणी, हे विचारणारा रकाना मात्र नसतो.

उदाहरणादाखल बालकवींची 'औदुंबर' ही कविता घेऊ. त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०-१९१८) यांची ही अवघी आठ ओळींची रचना मराठी समीक्षेत जितकी चर्चिली गेली तितक्या फारच थोड्या कविता चर्चिल्या गेल्या असतील. ती निव्वळ निसर्गचित्र आहे, की त्या चित्राआड एखादी उदास, विरक्त वृत्ती दडलेली आहे, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि तो न मिटणे हेच तिच्या सामर्थ्याचे गमक मानता येईल. आता अशी कल्पना करू, की एखाद्या छात्राध्यापकाला सराव पाठासाठी ही कविता मिळाली आहे आणि तो शोधयंत्रात 'औदुंबर' हा एकच शब्द लिहितो. या शब्दाला किमान तीन अर्थक्षेत्रे आहेत. ते उंबराच्या झाडाचे नाव आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी असलेल्या दत्तक्षेत्राचे नाव आहे. आणि ते या कवितेचे शीर्षक आहे. शोधयंत्राच्या दृष्टीने हे तिन्ही अर्थ एकाच यादीतील नोंदी होत. दत्तसंप्रदायातील औदुंबराचे माहात्म्य कवितेला कितपत लागू करावयाचे, हा वस्तुतः अर्थनिर्णयाचा गंभीर प्रश्न आहे. यादी तो प्रश्न उभाच करीत नाही. ती केवळ सर्व सामग्री शेजारी शेजारी मांडून ठेवते. निवड करण्याचे काम पूर्वी ग्रंथपाल, संपादक आणि पाठ्यपुस्तक मंडळ यांच्यात वाटलेले होते. ते आता एकट्या छात्राध्यापकाच्या शिरावर येऊन पडले आहे, आणि आपण ते करीत आहोत याची जाणीवही त्याला बहुधा नसते.

यानंतरचा प्रश्न संहितेचा. 'पाठ' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो : वर्गात घेतला जातो तो पाठ आणि पाठचिकित्सेत तपासला जातो तो पाठ. आंतरजालावरून कविता उतरवून घेताना पहिल्या पाठाची घाई दुसऱ्याला मारक ठरते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीची कविता आजच्या लेखनपद्धतीत आणताना अनुस्वार गेले तर वृत्ताला धक्का लागत नाही. परंतु ऱ्हस्वदीर्घ बदलले तर लागतो. कवीने 'घेउन' असे लिहिले असता उतरवून घेणाऱ्याने ते 'घेऊन' असे 'शुद्ध' केले, तर एक मात्रा वाढते आणि ओळ अडखळते. आठ ओळींच्या कवितेत असे एक अडखळणेही पुष्कळ झाले. शाळेतील मूल ती ओळ मोठ्याने म्हणते तेव्हा ती लय त्याच्या कानाला जाणवली पाहिजे. आणि कान तयार होणे हा कवितेच्या अध्यापनाचा गौण हेतू नव्हे. तेव्हा अधिकृत संग्रहाशी ताडून पाहिल्यावाचून आंतरजालावरची संहिता पडद्यावर दाखवू नये, हा साधा नियम शुद्धलेखनाच्या हट्टापोटी सांगितलेला नसून वृत्ताच्या रक्षणासाठी सांगितलेला आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चित्राचा आहे. या कवितेची रचना बारकाईने पाहिली तर असे आढळते, की तिच्यात दृश्ये एका विशिष्ट क्रमाने येतात : प्रथम झरा आणि त्याचे हिरवे काठ, मग टेकडीकडील लहानसे गाव, मग शेतमळे, त्यांतून जाणारी पांढरी पायवाट आणि ती वाट जेथे पोहोचते तो काळा डोह. रंगांचा हा प्रवास उजेडाकडून अंधाराकडे होतो. ज्याचे नाव शीर्षकात आले आहे तो वृक्ष कवीने अगदी शेवटपर्यंत राखून ठेवला आहे. तो कवितेच्या अखेरच्या शब्दात प्रकट होतो, आणि तोही निव्वळ झाड म्हणून नव्हे, तर एखाद्या माणसाच्या बैठकीत. वाचकाला त्या वाटेने चालवत नेऊन अखेर त्या आकृतीपुढे उभे करणे, हेच या कवितेचे सारे कार्य आहे.

अशा कवितेच्या पाठाची प्रस्तावना उंबराच्या रंगीत छायाचित्राने केली, तर काय होईल? पूर्वज्ञान जागे झाले, असे पंचपदीच्या भाषेत म्हणता येईल. परंतु कवीने अखेरपर्यंत राखलेली गोष्ट पाठाच्या पहिल्याच मिनिटाला खर्ची पडलेली असेल. शिवाय छायाचित्र एका विशिष्ट झाडाचे असते. कवितेतील वृक्ष प्रत्येक वाचकाच्या मनात वेगळा उभा राहावयाचा असतो. चित्र आधी आले, की चाळीस मुलांच्या मनांतील चाळीस औदुंबरांच्या जागी एकच औदुंबर येतो. हा दोष आंतरजालाने प्रथम निर्माण केला, असे नाही. तक्ता घेऊन जाणारा शिक्षकही तो करीतच असे. परंतु तक्ता काढण्यास श्रम पडत, आणि त्या श्रमांत विचाराला थोडा अवसर मिळे. आता चित्र क्षणार्धात मिळते. त्यामुळे ते दाखवावे की नाही, हा विचारच मागे पडतो.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. शहरात वाढलेल्या मुलाने उंबर, डोह किंवा शेतातील पायवाट कधी पाहिलीच नसेल, तर त्याच्या कल्पनाशक्तीने कोणत्या सामग्रीवर काम करावयाचे? उलट, दूरच्या खेड्यातील शाळेत ग्रंथालय नसेल, तर आंतरजाल हेच तिचे ग्रंथालय नव्हे काय? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांतून ध्वनिमुद्रित कविता, व्याख्याने व गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविण्याच्या त्यांच्या उपक्रमाची त्या वेळी विशेष दखल घेतली गेली. परंतु त्याच कार्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो : मुलांची मातृभाषा वेगळी असल्याचे पाहून त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली. म्हणजे तेथे गरज आधी आणि साधन मागून, असा क्रम होता. प्रस्तुत लेखकाचा आग्रहही एवढाच आहे. उंबर न पाहिलेल्या मुलाला उंबर अवश्य दाखवावा; मात्र कविता दोनदा ऐकून झाल्यावर, आणि त्याने आपल्या मनातला वृक्ष शब्दांत सांगितल्यावर दाखवावा. मग चित्र हे उत्तर राहत नाही. ते तुलनेचे निमित्त होते, आणि पंचपदीतील तुलनेच्या पायरीला खरा अर्थ येतो.

शिक्षणशास्त्रात या विषयाची जी तात्त्विक मांडणी प्रचलित आहे, तिच्याकडेही चिकित्सक दृष्टीने पाहावयास हवे. ली शुलमन याने १९८६ साली असे दाखवून दिले, की विषयज्ञान आणि अध्यापनपद्धती यांची केवळ बेरीज म्हणजे शिक्षकाचे ज्ञान नव्हे. विशिष्ट विषय विशिष्ट विद्यार्थ्यांना कसा उमजेल, याचे एक स्वतंत्र ज्ञान असते. २००६ साली पुण्य मिश्र व मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि परस्परांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांची प्रसिद्ध आकृती सिद्ध झाली. ही मांडणी उपयुक्त आहे. तंत्रज्ञान विषयापासून तोडून शिकविता येत नाही, हे तिने ठसविले. परंतु समान आकाराची तीन वर्तुळे पाहून छात्राध्यापकाची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, की प्रत्येक पाठात तिन्हींचा वाटा सारखाच असला पाहिजे. कवितेच्या पाठात तो तसा नसतो. तेथे तंत्रज्ञानाचे वर्तुळ कधी अगदी लहान होते, तर कधी नाहीसेही होते. आणि ते केव्हा नाहीसे व्हावे हे ओळखणे, हाही त्या ज्ञानाचाच भाग होय.

आंतरजालाच्या वापराची जी शिस्त खुद्द त्या क्षेत्रातच निर्माण झाली, तिच्याकडून अधिक शिकण्यासारखे आहे. १९९५ साली सॅन डिएगो राज्य विद्यापीठातील बर्नी डॉज याने टॉम मार्चच्या साहाय्याने 'वेबक्वेस्ट' ही पाठरचना विकसित केली. प्रस्तावना, कार्य, प्रक्रिया, मूल्यमापन व समारोप अशी तिची अंगे आहेत. पंचपदीशी तिचे नाते सहज ध्यानात यावे. तिचे मर्म असे, की आधारसामग्री शिक्षकाने आधीच पारखून दिलेली असते, जेणेकरून विद्यार्थ्यांचा वेळ शोधण्यात न जाता मिळालेल्या सामग्रीवर विचार करण्यात जावा. दुसरे उदाहरण सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाचे आहे. त्यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यशोधक आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखावयास दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी यांच्यापैकी पुष्कळजण त्याच पृष्ठावर रेंगाळले व तेथील देखण्या मांडणीला फसले. तथ्यशोधक मात्र ते पृष्ठ लगेच सोडून, त्याच्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहू लागले. विद्वत्ता आणि आंतरजालावरील पारख या भिन्न गोष्टी आहेत, हा यातील धडा केवळ छात्राध्यापकांनीच नव्हे, तर त्यांच्या प्राध्यापकांनीही घ्यावयास हवा.

हा सारा विचार आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर 'चॅटजीपीटी' खुले झाल्यापासून पाठासाठी सामग्रीच नव्हे, तर संपूर्ण पाठटाचणच यंत्राकडून लिहवून घेता येते. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, प्रश्न, मूल्यमापन असे सारे रकाने नीटनेटके भरून मिळतात. याला आपण केवळ नीतिभ्रंश म्हणून नावे ठेवली, तर मूळ प्रश्न सुटत नाही. जो साचा यंत्राला इतक्या सहजपणे भरता येतो, तो माणसे भरीत होती तेव्हाही पुष्कळसा यांत्रिकच नव्हता काय, असा प्रश्न आपणच आपल्याला विचारावयास हवा. परंतु साचा दोषास्पद असला, तरी तो भरताना छात्राध्यापकाला एकदा तरी कवितेसमोर एकट्याने बसावे लागे. ते बसणेच नाहीसे झाले, तर कविता न वाचलेला शिक्षक कविता शिकवू लागेल. आणि मराठी कवितेचा पुढचा वाचक ज्या वर्गात तयार व्हावयाचा, त्याच वर्गात तो नाहीसा होईल.

यास्तव पाठटाचणाच्या आकृतिबंधात तीन गोष्टींची भर घालावी, असे सुचवावेसे वाटते. पहिली ही, की कोणत्याही साधनापूर्वी छात्राध्यापकाने संहितेचे स्वतःचे वाचन एका परिच्छेदात लिहावे, आणि त्यात तिच्या रचनेचा क्रम नमूद करावा. दुसरी ही, की प्रत्येक साधनासमोर त्याचा क्षण व त्याचे कारण लिहावे : ते कवितेच्या आधी, मध्ये की नंतर, आणि त्याच्यावाचून काय अडले असते. तिसरी, आणि कदाचित सर्वांत उपयुक्त, ही की शोधात हाती आलेले पण वर्गात न दाखविलेले साहित्य कोणते व ते का टाळले, हेही नोंदवावे. निरीक्षक प्राध्यापकांनी गुण देताना या तिसऱ्या नोंदीला अधिक वजन द्यावे. काय दाखविले यावरून छात्राध्यापकाचे यंत्रकौशल्य कळते. काय टाळले यावरून त्याची रसिकता कळते. २०१४ च्या आराखड्यातील 'चिकित्सक' हा शब्द सार्थ व्हावयाचा, तर त्याचा आरंभ या छोट्या नोंदीपासून होऊ शकेल.